कोंबडीच्या पिल्लांच्या चोचीचे विकार : ओळख आणि उपाय

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणावरून)



गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत धान हेच प्रमुख पीक असून, गोंदिया शहराची ओळख भात गिरण्यांमुळेच तांदळाचे शहर अशी झालेली आहे. जेथे धान पिकते तेथे कणीची, म्हणजे बोलीतील कनकीची, आणि कोंड्याची वानवा नसते. आणि जेथे कणी-कोंडा आहे तेथे अंगणात चार कोंबड्या दिसतातच. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव यांसारख्या जंगलपट्टीच्या तालुक्यांत तर कोंबडी ही घरातील स्त्रीच्या हातची शिल्लक समजली जाते. मुलांच्या वह्या, औषधपाणी, अचानक आलेला पाहुणा, यांपैकी कोणतीही गरज उभी राहिली की प्रथम तिचीच आठवण होते.

ही शिल्लक बुडते ती बहुधा पिल्लांच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत. कालपर्यंत टिपणारे पिल्लू आज पंख पाडून कोपऱ्यात बसते, परवा ते मरते आणि ‘रोग आला’ एवढ्या दोन शब्दांत त्याची नोंद संपते. वास्तविक अशा पुष्कळ पिल्लांच्या बाबतीत आठ-दहा दिवस आधी सूचना मिळालेली असते. ती सूचना चोचीवर लिहिलेली असते. मात्र ती वाचणारे कोणी नसते. चोच कशी पाहावी, तिच्यात कोणते दोष आढळतात आणि त्यांपैकी कोणते बरे होतात, कोणते होत नाहीत, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

चोचीची रचना

पक्ष्याला दात नाहीत आणि हातही नाहीत. वेचणे, फोडणे, पाणी पिणे, पिसे साफ करणे, अंगावरील किडे काढणे ही सर्व कामे तो चोचीनेच करतो. चोचीच्या आत हाड असते आणि त्यावर आपल्या नखांच्या जातीचे कठीण आवरण असते. हे आवरण आयुष्यभर वाढत राहते व जमिनीवर टोचण्याने झिजत राहते. हाड मऊ राहिले तर चोच मऊ पडते, वरची व खालची चोच एकमेकींवर नीट बसली नाही तर झीज होत नाही व चोच वाकडी वाढते. म्हणून चोचीवर दिसणारा दोष हा पुष्कळदा केवळ चोचीचा नसतो. तो साऱ्या शरीराचा, आणि त्याहीपेक्षा खाद्याचा व खुराड्याचा असतो.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकवीस दिवसांनी अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या वरच्या चोचीच्या टोकाजवळ एक पांढरा, टोकदार दाणा दिसतो. कवच फोडण्यासाठी निसर्गाने दिलेले ते हत्यार आहे. काही दिवसांत तो दाणा आपोआप गळून पडतो. त्याला फोड किंवा खडा समजून नखाने खरवडणे म्हणजे निरोगी पिल्लाला जखम करणे होय.

वाकडी चोच आणि पोपटचोच

काही पिल्लांची वरची व खालची चोच एका रेषेत न राहता कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींना ओलांडून जाते. यास वाकडी किंवा कात्रीचोच म्हणतात. पहिल्या दिवशी हा दोष अल्प असतो. चोच वाढू लागली की दोन-तीन आठवड्यांत तो ठळक होतो. दुसऱ्या प्रकारात खालची चोच आखूड राहून वरची पोपटासारखी खाली वळते.

या दोषांची कारणे बहुधा पिल्लू जन्मण्यापूर्वीची असतात. आनुवंशिकता हे एक कारण. अंडी उबवताना तापमानात झालेले चढउतार किंवा अंड्यातील गर्भाची चुकीची ठेवण हे दुसरे. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या आहारात मँगेनीज, बायोटिन किंवा फॉलिक आम्ल कमी असणे हे तिसरे. पिल्लू जन्मल्यावर कितीही औषध दिले तरी असा दोष सहसा सरळ होत नाही, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. चोचीला पट्टी बांधून ठेवण्याचा प्रयोगही करू नये. त्याने पिल्लू उपाशी राहते.

तथापि सौम्य दोष असलेले पिल्लू जगू शकते. त्यास उथळ थाळीऐवजी दोन-तीन बोटे खोल भांड्यात किंचित ओलसर केलेले खाद्य द्यावे, म्हणजे त्याला टिपण्याऐवजी चोचीने उचलून घेता येते. भांडे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवावे आणि इतर पिल्ले त्याला हुसकावत असतील तर त्याची वेगळी सोय करावी. चोचीचे वाढलेले टोक उजेडात धरले असता टोकाकडील भाग फिकट व आरपार दिसणारा आणि आतील भाग गडद दिसतो. गडद भागात रक्त व संवेदना असते. केवळ फिकट टोक नखे घासण्याच्या कानशीने हलकेच घासावे. कापण्याची घाई करू नये. ज्या पिल्लाला मुळीच खाता येत नाही व जे दिवसेंदिवस वाळत चालले आहे, त्याचे हाल लांबवण्याऐवजी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाकड्या चोचीची तलंग किंवा नर पैदाशीसाठी कधीही ठेवू नये. एका घरातील असा नर वस्तीतील सर्व कोंबड्यांच्या वंशात हा दोष पसरवू शकतो.

मऊ चोच : पिल्लांचा मुडदूस

आता ज्या विकाराचा धानाच्या प्रदेशाशी विशेष संबंध आहे त्याचा विचार करावयाचा आहे. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाची चोच दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूने हळूच दाबली असता ती ताठ लागली पाहिजे. ती रबरासारखी वाकत असेल तर तो मुडदूस समजावा. पाठोपाठ पिल्लू अडखळत चालू लागते, घोट्यांवर बसून राहते, सांधे जाड दिसतात आणि शेवटी पाय वाकतात. लोकांचे लक्ष जाते ते पायांकडे, म्हणजे शेवटच्या पायरीकडे. चोच त्याआधीच बोलू लागलेली असते.

मुडदूस होतो तो कॅल्शियम, फॉस्फरस किंवा ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या कमतरतेने. पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमचे प्रमाण सुमारे एक टक्का असावे लागते. कणीत ते या गरजेच्या दहाव्या हिश्शाइतकेही नसते. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो. परंतु त्याचा मोठा भाग अशा रूपात बांधलेला असतो की पिल्लाच्या आतड्याला तो सोडवून घेता येत नाही. कॅल्शियम तर कोंड्यातही नगण्यच. प्रथिनांचा हिशेब पाहिला तरी पिल्लाला खाद्यात सुमारे वीस टक्के प्रथिने लागतात, तर कणीत ती सात-आठ टक्के असतात. म्हणजे कणी आणि कोंडा पोटभर घातला तरी पिल्लाचे पोट भरते, हाडे मात्र उपाशी राहतात.

मोकळी फिरणारी कोंबडी ही उणीव स्वतःच भरून काढते. ती किडे, गोगलगाई, गांडुळे, वाळवी, हिरवा पाला वेचते. उन्हात फिरताना तिच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. म्हणूनच आईबरोबर हिंडणाऱ्या गावठी पिल्लांत मुडदूस सहसा दिसत नाही. धोका वाढतो तो पिल्लू कोंडून ठेवल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीला वेग येतो, घरातील सर्व हात बांधीत गुंतलेले असतात. कावळा, घार, मुंगूस यांच्या भीतीने पिल्ले सकाळी डालग्याखाली किंवा अंधाऱ्या खुराड्यात झाकली जातात आणि त्यांच्यापुढे वाटीभर कणी ठेवली जाते. बाहेर आभाळ भरलेले, आत ऊन नाही, किडा नाही, पाला नाही. दोन-तीन आठवडे असे गेले की चोच मऊ पडू लागते. या घरात कोणी दुर्लक्ष केलेले नसते. उलट पिल्ले जपण्यासाठीच ती झाकलेली असतात. म्हणूनच ही गोष्ट समजावून सांगणे आवश्यक ठरते.

तांदूळ आणि कोंबडी : एक जुना धडा

केवळ तांदळावर कोंबडी पोसली तर काय होते, हे जगाला कळून सव्वाशे वर्षे झाली. १८९० च्या दशकात जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे ख्रिस्तियान आयकमन हे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचे कारण शोधत होते. प्रयोगशाळेतील कोंबड्यांना सैनिकी रुग्णालयाच्या भटारखान्यातील शिजवलेला पांढरा भात मिळू लागला तेव्हा त्या लुळ्या पडल्या. तो बंद होऊन असडीक तांदूळ मिळू लागताच त्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या वरच्या पापुद्र्यात जीवनावश्यक असे काही तत्त्व आहे, या शोधाची ही सुरुवात होती. पुढे ते तत्त्व ‘ब १’ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले आणि १९२९ मध्ये आयकमन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. माणसाच्या आहारशास्त्रातील हा मोठा धडा कोंबड्यांनी शिकवला; तो कोंबड्यांच्याच बाबतीत विसरला जावा, हे योग्य नव्हे.

मऊ चोचीवरील उपाय

मुडदूस वेळीच ओळखला तर बरा होतो. चोच मऊ आहे पण पाय अद्याप सरळ आहेत, ही उपचाराची योग्य वेळ होय. हाडे वाकल्यावर ती पुन्हा सरळ होतीलच असे नाही.

पहिला उपाय खाद्यबदल. पहिले चार आठवडे पिल्लांना बाजारात मिळणारे पिल्लांचे खाद्य, म्हणजे चिक स्टार्टर, द्यावे. परसातील जातीचे पिल्लू या काळात साधारण किलोभर खाद्य खाते. म्हणजे वीस पिल्लांना वीस किलोंच्या आसपास खाद्य पुरते. हा खर्च मेलेल्या पिल्लांच्या किमतीशी ताडून पाहावा. ते शक्य नसल्यास कणी व कोंड्याला मक्याचा भरडा, तेल काढलेली सोयाबीन पेंड, मीठ न लावलेल्या सुक्या मासळीचा चुरा आणि कोंबड्यांसाठीचे खनिज मिश्रण यांची जोड द्यावी. कच्चे सोयाबीन देऊ नये. जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांत मिळणारी बारीक मासळी वाळवून ठेवली तर हाडांसह तिचा चुरा पिल्लांना प्रथिने, कॅल्शियम व फॉस्फरस ही तिन्ही देतो. अंड्यांची कवचे उकळून, वाळवून, बारीक करून देता येतात. मात्र त्यांतून केवळ कॅल्शियम मिळते, फॉस्फरस नव्हे, हे ध्यानात असावे.

दुसरा उपाय ऊन. पिल्लांना रोज सकाळचे कोवळे ऊन जाळीच्या आडोशाने मिळावे, सोबत सावलीचा एक कोपराही असावा. काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग होत नाही. तिसरा उपाय औषध. ‘ड ३’ जीवनसत्त्व व कॅल्शियम-फॉस्फरस असलेले द्रावण पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. अधिक दिले म्हणजे अधिक गुण, ही समजूत घातक आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाचा अतिरेक अपायकारक असतो. त्याचप्रमाणे अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियमचे प्रमाण पिल्लांच्या गरजेच्या तिप्पट-चौपट असते. ते पिल्लांना घातल्यास त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

कोंड्याबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पावसाळ्यात साठवलेला कोंडा लवकर खवट होतो व त्यात जीवनसत्त्वे नष्ट होतात. तो थोडा थोडा व ताजा आणावा. बुरशी आलेले खाद्य कोणत्याही वयाच्या पक्ष्याला घालू नये.

चोचीच्या कडेच्या खपल्या

चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांत खपल्या धरणे व पापण्या चिकटणे ही पँटोथेनिक आम्ल किंवा बायोटिन या ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांच्या कमतरतेची खूण असू शकते. निव्वळ कणीवर वाढलेल्या पिल्लांत तिचा संशय घ्यावा आणि खाद्य सुधारून ‘ब’ जीवनसत्त्वांचे मिश्रण पाण्यातून द्यावे.

परंतु चोचीच्या मुळाशी, तुऱ्यावर व पापण्यांवर चामखिळीसारखे फोड येऊन त्यांच्या काळपट खपल्या होत असतील, तर तो देवीचा रोग समजावा. हा विषाणूजन्य रोग डासांमार्फत व जखमेतून पसरतो. तलाव, बोड्या आणि बांध्यांतील पाण्यामुळे डासांना येथे बारमाही आश्रय मिळतो, म्हणून या रोगाविषयी जागरूक राहिले पाहिजे. खपल्या ओढून काढू नयेत. त्यांवर पोव्हिडोन आयोडीन लावावे, आजारी पिल्ले वेगळी ठेवावीत आणि निरोगी पक्ष्यांना देवीची लस टोचून घ्यावी. विषाणूवर थेट औषध नाही. लस हाच उपाय आहे.

चोचीत साचलेले खाद्य

पिठासारखे बारीक दळलेले खाद्य ओलसर होऊन खालच्या चोचीच्या आतील बाजूस चिकटते, वाळते व तेथेच कुजते. चोचीची कड सुजते, दुर्गंधी येते व पिल्लू खाणे सोडते. अशा वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने थर मऊ करून हलकेच काढावा आणि खाद्य पीठ न करता भरड दळावे. भांडी रोज धुवावीत. ओलसर केलेले खाद्य तासाभरात संपेल इतकेच घालावे.

टोचाटोची आणि चोच कापणे

पिल्ले एकमेकांना टोचू लागली की चोच कापण्याचा सल्ला दिला जातो. व्यापारी अंडी केंद्रांत हे काम तापलेल्या पात्याने व प्रशिक्षित हाताने केले जाते. परसातील कोंबडीला मात्र चोच कापण्याची गरज नाही. तिला वेचून खावयाचे असते आणि अंगावरील गोचीड-पिसवा काढावयाच्या असतात. टोचाटोचीची खरी कारणे गर्दी, प्रखर दिवा, भांड्यांची कमतरता आणि खाद्यातील प्रथिनांची किंवा मिठाची उणीव ही आहेत. ती दूर करावीत. जखमी पिल्लाला लगेच वेगळे काढावे. रक्ताचा लाल रंग दिसला की इतर पिल्ले तेथेच टोचत राहतात. चोचीचे टोक मोडून रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे, जंतुनाशक लावावे व दोन-तीन दिवस मऊ खाद्य द्यावे.

उघडी चोच

चोच निर्दोष आहे, पण पिल्लू ती उघडी ठेवून धापा टाकत आहे, हाही एक इशारा होय. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्या दिवसांत कारण बहुधा उष्णता असते. सावली, वारा आणि गार पाणी दिले की पिल्लू सावरते. ब्रूडरखाली पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करावयाचे असते. पिल्ले दिव्यापासून दूर पळून चोची उघडत असतील तर ऊब अधिक झाली आहे. उष्णता नसतानाही धाप लागली तर खालची गादी तपासावी. बुरशी आलेल्या तुसाची किंवा तणसाची गादी फुप्फुसाचा रोग निर्माण करते. त्यासोबत हिरवट हगवण, मान वाकडी होणे अशी लक्षणे असतील तर राणीखेतचा संशय घ्यावा. त्याची पहिली लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून दिली जाते. एकाएकी अनेक पक्षी मरू लागले तर मृत पक्षी उघड्यावर न टाकता, त्यांना हात न लावता, तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, तेव्हापासून ही खबर देणे ही सार्वजनिक जबाबदारी ठरली आहे.

अर्ध्या मिनिटाची तपासणी

वरील सर्व दोष ओळखण्यास उपकरण लागत नाही. आठवड्यातून दोनदा पिल्लू तळहातावर घेऊन पाच गोष्टी पाहाव्यात. समोरून पाहता दोन्ही चोची एका रेषेत आहेत काय? बाजूने पाहता वरचे टोक फार लांबलेले आहे काय? चिमटीत चोच ताठ लागते की वाकते? कोपऱ्यांत खपली किंवा आत साचलेले खाद्य आहे काय? पिल्लू चोच मिटून शांत श्वास घेते काय? एका पिल्लाला अर्धे मिनिट पुरते. वीस पिल्लांची पाहणी दहा मिनिटांत होते.

कोणी काय करावे

राज्य शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेखाली एक दिवस वयाच्या शंभर पिल्लांचे, तसेच तलंगांचे गट अनुदानावर देण्यात आले आहेत. पिल्लू हाती पडले म्हणजे योजना पूर्ण झाली असे नव्हे. ते अंड्यावर आले म्हणजे ती पूर्ण झाली. म्हणून पिल्ले स्वीकारतानाच प्रत्येकाची चोच पाहण्याची पद्धत पाडली पाहिजे. वाटपाच्या दिवशी पशुधन पर्यवेक्षकाने मऊ चोच आणि ताठ चोच यांतील फरक लाभार्थींच्या बोटांना दाखवून द्यावा. तो शब्दांनी सांगून समजत नाही. बचत गटांनी खनिज मिश्रण व पिल्लांचे खाद्य एकत्रित खरेदी करावे. पंचायतीने रोवणीपूर्वीच्या ग्रामसभेत लसीकरणाचा दिवस ठरवून दवंडी द्यावी. शिक्षकांनी हा पाच गोष्टींचा तक्ता वर्गात लावावा. ज्या मुलाच्या घरी पिल्ले आहेत त्याने पाहणी करून वहीत नोंद केली, तर रोवणीच्या दिवसांतही त्या घरी पिल्लांकडे लक्ष देणारे कोणीतरी राहील.

धानाने या जिल्ह्याला कोंबडीचे अर्धे अन्न दिले आहे. उरलेले अर्धे म्हणजे मूठभर मासळीचा चुरा, चमचाभर खनिज मिश्रण आणि तासभर सकाळचे ऊन. ते मिळते की नाही, याची साक्ष पिल्लाची चोच रोज देत असते. ती साक्ष वेळीच ऐकली, तर अंगणातील ही छोटी शिल्लक बुडणार नाही.